पाचव्या महिन्याची अट

झरी
६ जानेवारी २०२५

आयुष्मती सुकेशनी हिस सप्रेम जयभीम.

तुझी अट मंजूर. झरीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान माझं. गावाचे मेलेले फोन मी जिवंत करून देतो, आणि स्वतःच्या बायकोशी बोलायला मला पोस्टातून पाकिटं आणावी लागायलीत. पोस्टमास्तर म्हणला, "सिद्धोधन, कोर्टकचेरी लागली का काय?" म्हणलं, तसंच समजा.

पोरीच्या नाव ठेवण्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोनवर जरा मोठ्यानं बोललो, मान्य. तुझ्या वडिलांनी फोन कानापासून हातभर लांब धरला होता म्हणे. पण त्यासाठी नंबर ब्लॉक? आणि वर निरोप, "कागदावर ओरडता येत नाही, तेव्हा लिहा." कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला प्राचार्यांशी भांडून मी कायमचा बाहेर पडलो, तेव्हा गेटवर उभी राहून "शाब्बास" म्हणणारी तूच ना? तेव्हा बरा माझा आवाज गोड लागत होता.

मुद्द्याचं असं. बाळंतीण माहेराहून तिसऱ्या महिन्यात आणावी, नाहीतर पाचव्यात. चौथ्यात चालत नाही असं माय म्हणती. आपल्या संबोधीला या वीस तारखेला तिसरा लागतोय. मी जीप सांगून ठेवलीय.

तुझा भाऊ धम्मपाल दुकानावरून चालला होता, त्याच्यासोबत दोन वस्तू दिल्यात. मायनं उगाळायची घुटी दिली आणि मी दुधाच्या पावडरीचा मोठा डबा. तुझ्या अंगात रक्त कमी, तुला त्रास नको. डब्यावरचं लेकरू बघ कसं गुबगुबीत आहे.

मी बरा आहे, म्हणजे जेवतो. उशीला तुझ्या तेलाचा वास होता, मायनं अभ्रा धुऊन टाकला. सध्या तिच्याशीही बोलत नाही.

तुझाच, अजून तरी,
सिद्धोधन


गंगाखेड
११ जानेवारी

माननीय सिद्धोधनराव, मालक, मोबाईल दुकान, झरी यांना जयभीम.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर वाचायला वडिलांचा चष्मा लावावा लागला. तो दुसऱ्याच नंबरचा आहे, तरी फरक पडला नाही.

घुटी आणि डबा पोचला. आमची आई खूश. सकाळी घुटी, संध्याकाळी डबा, मधल्या वेळेत मी, असं तुमच्या लेकीचं वेळापत्रक लागलंय.

घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि सून आणताना महिना सम का विषम ते बघायचं. बावीस प्रतिज्ञांतल्या कोणत्या प्रतिज्ञेत हे बसतं, आत्याबाईंना विचारून कळवा. मलाही पाठ करता येईल.

मी तिसऱ्यात येणार नाही. पाचव्यात येईन का, ते एका प्रश्नाच्या उत्तरावर आहे. मी आले की पुढं काय? तुम्ही काय ठरवलंय? विचार करून लिहा. घाई नाही. निदान मला तरी नाही.

संबोधी हसायला लागलीय. भिंतीवरच्या पालीकडं बघून हसते. वडिलांवर गेलीय, कशावरही जीव टाकते.

सुकेशनी


झरी
१५ जानेवारी

सुकेशनी,

"पुढं काय!" हा प्रश्न तुझा नाही, मामांचा आहे. आपल्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी हाच विचारला होता. "पोरगा कॉलेज सोडून बसलाय, पुढं काय?" दोन वर्षं झाली, सासऱ्याचा प्रश्न अजून तोच. अभ्यासक्रम बदलत नाही म्हणायचा.

तरी उत्तर देतो. एक, मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. पुरं करणार आहे, चौकशी करून आलो. दोन, दुकानाला काचेचं काउंटर केलंय, आता गिऱ्हाईक दुकानात शिरताना भांग नीट करतं. तीन, चार्जर आणि कव्हरं परभणीहून स्वतः आणतो. मामांना हे मोठ्यानं वाचून दाखव. ते हातभर लांब धरतीलच, तेवढ्यातही ऐकू जाईल.

आणखी एक. माय म्हणती, "दुसरंबी लागलीच होऊ द्या. दोन्ही लेकरं एकदमच वाढतेत, झबल्या-टोपड्याचाबी नवा खर्च पडत न्हाई." मला पटलं. म्हणजे वर्षभरात पुन्हा गंगाखेडला येऊन मामांचं तोंड बघावं लागेल, पण तुझ्यासाठी तेही सोसेन.

आता तरी ये. रोज दुकान बंद करून मी स्टँडवर जातो, गंगाखेडची गाडी बघतो आणि परत येतो. कंडक्टर ओळखायला लागलाय. विचारतो, "बसायचंय का नुसतंच बघायचंय?"

सिद्धोधन


गंगाखेड
२० जानेवारी

अहो काचेच्या काउंटरवाले,

बी.ए.बद्दल अभिनंदन. भांग नीट करणाऱ्या गिऱ्हाइकांचंही. पण मी तुमच्या दुकानाचं विचारलं नव्हतं, माझ्या पोटाचं विचारलं होतं.

संबोधी झाली तेव्हा माझं किती रक्त गेलं, तुम्ही बघितलंय. पिशवी आणायला तुम्हीच पळालात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी तुमच्यासमोर सांगितलं की दोन वर्षं तरी दुसरं मूल नको, बाईच्या अंगात काही उरलं नाही. तुम्ही मान डोलावली. मान डोलावताना तुम्ही ऐकत नसता, हे मला लग्नाआधी कळायला हवं होतं.

आमची साक्षीताई आठवते? मोठा रांगत होता तेव्हा धाकटा झाला. तिच्या सासूचंही हेच म्हणणं होतं की दोन्ही एकदम वाढतील. वाढले. आता ताई चार पायऱ्या चढली की कठड्याला धरून उभी राहते. वय माझ्याहून तीन वर्षांनी जास्त, चालणं माझ्या आजीचं.

दोन्ही लेकरं एकदम वाढतील, झबलीही वाया जाणार नाहीत. एक मीच काय ती वाया जाईन. झबल्यांचा हिशेब आत्याबाईंनी बरोबर केला.

आता मुलांना शाळेत विचारतात तसं सोपं करून विचारते. दुसरं राहू नये म्हणून तुम्ही काय ठरवलंय? उत्तर द्या, मग जीप आणा.

सुकेशनी


झरी
२५ जानेवारी

अगं बाई, मग सरळ विचारायचं ना! "पुढं काय" म्हणलं की कुणालाही नोकरीच आठवते. पोटाचं कुणाला आठवतं?

तुझं पत्र वाचलं आणि तसाच उठून हरिओमच्या मेडिकलवर गेलो. निरोध मागायला तोंड उघडलं तर मागं आमचे चौथीचे मास्तर उभे. "काय रे सिद्धोधन, काय पाहिजे?" म्हणलं, बाम. बाम घेऊन बाहेर आलो. मास्तर जायची वाट बघितली, परत आत गेलो, तर आमच्या गल्लीतली मावशी. पुन्हा बाम. आता घरात एवढा बाम आहे की सगळ्या झरीचं डोकं दुखलं तरी पुरेल.

शेवटी हरिओमला बाजूला घेतलं. त्यानं फळीवरून गोळ्यांचं पाकीट काढलं. "घे, लय खपतेत. रोज एक." हरिओमचं औषधाचं शिक्षण माझ्यासारखंच आहे, दुसऱ्या वर्षापर्यंत. पण फळीवरचं त्याला सगळं पाठ आहे. मोबाईलच्या रिकाम्या खोक्यात घालून धम्मपालकडं देतोय. मामांना वाटेल हेडफोन आहेत.

तसं बघितलं तर गोळ्यांचीही गरज नाही. माय म्हणती, "अंगावर पाजती तवर काय होत न्हाई. तुझ्यात अन् तुझ्या बहिणीत, रेणुकात, चार वर्षं हायेत, मी कोणती गोळी खाल्ली?" म्हणजे मायचा उपाय आणि हरिओमचा उपाय, दुहेरी कडी लागली. झालं समाधान? जीप सांगू?

तुझ्याविना झुरणारा (बाम लावूनही फरक नाही),
सिद्धोधन


गंगाखेड
१ फेब्रुवारी

झुरणारे सिद्धोधनराव,

हेडफोन परत पाठवतेय. गोळी घ्यायच्या आधी, संबोधीला डोस द्यायला दवाखान्यात गेले तेव्हा मॅडमना पाकीट दाखवलं. त्यांनी कुणी दिलं विचारलं. मी म्हणाले, एका मोबाईलवाल्यानं.

या मिश्र गोळ्या आहेत. अंगावर पाजणाऱ्या बाईनं पहिले सहा महिने त्या घ्यायच्या नसतात, दूध कमी होतं. आणि बाळंतपणानंतर सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ताच्या गाठी व्हायची भीती असते, ती वेगळीच. हरिओमला म्हणावं, फळी पाठ आहे तर मागची बाजूही वाच.

आता आत्याबाईंची कडी. त्या म्हणतात ते खोटं नाही. पण त्याला तीन गोष्टी लागतात. मूल सहा महिन्यांच्या आतलं हवं, आईची पाळी परत सुरू झालेली नको, आणि लेकराच्या तोंडात दिवसरात्र आईच्या दुधाशिवाय दुसरं काही जायला नको. एक जरी सुटली तरी भरवसा संपला. घुटी कुणी पाठवली? आत्याबाईंनी. डबा कुणी पाठवला? त्यांच्या चिरंजीवांनी. कडी लावणारे तुम्ही, काढणारेही तुम्हीच. आणि मला विचारता, जीप सांगू का!

घुटी आणि डबा आजपासून बंद केलाय. आई माझ्यावर फुगलीय.

मॅडम म्हणाल्या, दूध चालू असताना चालतील अशा वेगळ्या गोळ्या असतात, इंजेक्शन असतं, गर्भाशयात बसवायची तांबी असते. निरोध तर आहेच, त्यासाठी फक्त मास्तरांकडं पाठ करून उभं राहावं लागतं. कुणाला काय मानवेल ते तपासून ठरतं. मला तांबी बरी वाटायलीय, एकदा बसवली की विसरता येतं. दर मंगळवारी मॅडम असतात. तुम्ही या. माझ्या शेजारी बसा आणि ऐका. मान डोलवू नका, फक्त ऐका.

सुकेशनी


झरी
५ फेब्रुवारी

सुकेशनीबाई,

माझ्या मायला तू दवाखान्यात नेऊन खोटी ठरवलीस. चार चौघींत आमच्या घुटीची चर्चा झाली. डबा मी प्रेमानं घेतला होता, त्याचाही पंचनामा झाला. फार छान.

आणि तांबी? तांबी म्हणजे काय ते मला विचार. मी दिवसभर तांब्याच्या तारा सोलतो. मायला विचारलं तर तिनं कानाला हात लावला. आमच्या वस्तीत एका बाईची तांबी चढत चढत काळजाला जाऊन टेकली, सगळ्या बायांना ठाऊक आहे. माझ्या बायकोच्या पोटात तार घालायला माझी परवानगी नाही. नवरा म्हणून एवढा तरी हक्क उरलाय, का तोही ब्लॉक?

मंगळवारी दुकान असतं. तू तिकडंच राहा. पाचवा, सातवा, नववा, सगळे विषम महिने तुलाच ठेव. जीप रद्द केली.

सिद्धोधन


झरी
२७ फेब्रुवारी

सुकेशनी,

तुझं पत्र आलं नाही. डबा आला.

धम्मपालनं तो काचेच्या काउंटरवर ठेवला, शेजारी घुटीची पुरचुंडी. मी म्हणलं, "काय निरोप?" म्हणला, "निरोप न्हाई." मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात सुरू झालो. तुझा भाऊ पाणी पीत उभा राहिला. माझं संपलं तेव्हा म्हणला, "दाजी, त्या दिवशी रक्ताची पिशवी आणायला पळताना तुमची एक चप्पल जिन्यात निसटली होती. तुमी तसंच अनवाणी पळाले. तवा तुमाला जेवढं भ्या वाटलं, तेवढं तिला रोज वाटायलंय. बाकी काय न्हाई."

एवढंच म्हणून तो गेला. मी ती चप्पल विसरलो होतो. त्या दिवशीचं सगळंच मी असं कुठंतरी ठेवून दिलं होतं, दुरुस्तीला आलेला आणि कुणी परत न्यायला न आलेला फोन ठेवतात तसं.

मंगळवारी दुकान बंद ठेवून गंगाखेडला गेलो. बायांच्या रांगेत मी एकटा बाप्या. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय दुखतंय रे लेकरा?" म्हणलं, काही नाही. "मंग कशाला जागा अडवलीस?" सगळ्या हसल्या. मी ओरडलो नाही. नोंद घे.

मॅडमना तुझं नाव सांगितलं. म्हणाल्या, "तिचं तिलाच विचारायचं. तांबी काय असते ते मात्र दाखवते." तळहातावर ठेवली. सुकेशनी, चार्जरची पिन याच्याहून मोठी असते! नुसतं प्लास्टिकचं टी अक्षर, त्याला तार गुंडाळलेली, खाली दोरा. मी रोज जी तार सोलतो ती याच्यापुढं गाडीचा दोरखंड. काळजाचं विचारलं तर मॅडमना ते पाठच होतं. क्वचित जागेवरून सरकते, म्हणून तपासणीला बोलावतात, पण काळजापर्यंत जायला तिला वाट नाही. दाखवायची जुनी एक मागून घेतली.

घरी येऊन मायच्या हातावर ठेवली. तिनं उलटीपालटी करून बघितली आणि म्हणली, "दोरा बारीक केलाय की आता. आमच्या टायमाला जाड व्हता, टोचायचा."

मी म्हणलं, "कुणाला टोचायचा?"

माय पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. रेणुकाताईनंतर तिनं बसवली होती. आजीला नाही, बाबांना नाही, कुणाला पत्ता नव्हता. आजी नातवासाठी मागं लागलेली, ही आपली "अंगावर पाजायलेय" म्हणून वेळ मारून न्यायची. म्हणलं, मग काळजाला टेकलेली ती बाई कोण? तर म्हणती, "कोण न्हाई रे. मीच सांगत फिरायची. तांबीला एवढी नावं ठेवणारीनं सोता बसवली असंल, असा वहीम कुणाला यायचा?"

म्हणजे सगळ्या वस्तीला घाबरवणारी गोष्ट माझ्याच घरात तयार झाली, आणि मी ती तुला पोस्टानं पाठवली. वर तिकीट लावून.

तेव्हा ठरलं. तांबी एकदम ब्येस. मायचा पाठिंबा, माझाही. तांबीच बसवू. मी शेजारी बसतो.

परत येताना तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांबलो होतो. दोरीवर संबोधीची दुपटी वाळत होती. पुढं यायला तोंड नव्हतं. पिवळं दुपटं वाऱ्यानं निसटायला आलंय, त्याला चिमटा लाव.

सिद्धोधन


गंगाखेड
५ मार्च

तांबीचे प्रचारक सिद्धोधनराव,

कोपऱ्यावर वडिलांनी तुम्हाला बघितलं. आत येऊन म्हणाले, लाइटबिलवाला आलाय, पण मीटरकडं न बघता दुपट्यांकडं बघायलाय. मी चिमटा लावायला बाहेर येईपर्यंत तुम्ही गेलात.

झरीतल्या पहिल्या पुरुष प्रचारकाला सांगायला वाईट वाटतं, पण मी तांबी बसवली नाही. "परवानगी नाही" असं तुमचं पत्र आलं, त्याच्या पुढच्या मंगळवारी मी एकटीच गेले. मॅडमनी रक्त तपासलं. अजून कमीच आहे. तांबीनं पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, म्हणून म्हणाल्या की आधी अंगात रक्त भरू दे, मग हवी तर बसवू. दूध पाजताना चालणारं इंजेक्शन आहे, दर तीन महिन्यांनी घ्यायचं. दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करून त्यांनी दिलं. मधून मधून थोडा डाग जातो. तसं होईल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही.

तेव्हा आधी तांबी नाही हे तुम्ही ठरवलं, आता तांबीच हेही तुम्हीच ठरवलं. मधे एकदा मला विचारलं असतं तर तिकिटं वाचली असती. मला परवानगी नको होती, सिद्धू. मला सोबत हवी होती. त्या बाकावर मी संबोधीला घेऊन बसले होते, आणि शेजारची जागा मी पिशवी ठेवून धरून ठेवली होती. कशासाठी, तर तू शेवटच्या गाडीनं येशील म्हणून.

तरी, तू नंतर आलास. बायांच्या रांगेत बसलास. काल संबोधीच्या डोसाला गेले तेव्हा मॅडम माझ्याकडं बघून का हसत होत्या, ते आता कळलं.

आत्याबाईंना सांग, काळजाची गोष्ट मी कुणाला सांगणार नाही. पण त्यांनी ती आता परत घ्यावी. ज्यांना सांगितली त्यांच्या सुना आता त्या रांगेत यायच्या वयाच्या झाल्यात.

पाचव्या महिन्यात येते. विषम आहे म्हणून नाही. जयंतीच्या मिरवणुकीत संबोधीला निळं झबलं घालून तुझ्या खांद्यावर बसवायचंय म्हणून. पुढचं इंजेक्शन दहा मेला आहे, परभणीत घेऊ. या वेळी बाकावर पिशवी ठेवणार नाही.

तुझा नंबर चालू केलाय. ओरडायचं असेल तर मात्र पत्रच लिही.

सुकेशनी


झरी
१२ मार्च

सुकू,

नंबर लागतो. तीनदा लावला, तू उचलायच्या आत तीनदा कट केला. बोलायची सवय गेली. म्हणून लिहितोय, ओरडायला नाही.

माय दोन घरी जाऊन आली. पहिल्या घरी म्हणली, "ती काळजाची बाई बरी झाली." म्हणलं, माय, असं नाही, खरं सांग. दुसऱ्या घरी खरं सांगितलं. तिथल्या म्हातारीनं मायचा हात धरला आणि म्हणली, "लक्ष्मीबाई, मीबी बसवली व्हती. तुझ्या भ्यानं सांगितलं न्हाई."

जीप सांगितलीय. मामांना म्हणावं, लाइटबिलवाला येतोय, चहा ठेवा.

काचेच्या काउंटरवर मोठ्या अक्षरात पाटी लावलीय, "१० मे रोजी दुकान बंद राहील." अजून दोन महिने आहेत, पण लोकांना आधीपासून कळलेलं बरं. आज हरिओमनं पाटी वाचून विचारलं, "कुणाचं लगीन?" म्हणलं, लग्न नाही, इंजेक्शन आहे. त्याचं तोंड उतरलं. "अरे, कुत्रं चावलं का काय कुणाला?"

मी म्हणलं, "न्हाई रे. मीच चावत व्हतो."

तुझा,
सिद्धू